काँक्रीट वाया गेलं, दावा कुठे लावायचा?

अमेरिकेत संपावरून भांडण झालं की पहिला प्रश्न: राज्याचं कोर्ट ते ऐकू शकतं का?

१९३५ च्या केंद्रीय कायद्याने संपाचा हक्क दिला आणि वाद बघायला एनएलआरबी हे मंडळ नेमलं. १९५९ चा गार्मन निकाल सांगतो, कृतीला या कायद्याचं संरक्षण असू शकत असेल, तर आधी मंडळ. राज्याच्या कोर्टाने मध्ये पडायचं नाही.

पण २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ड्रायव्हर संपावर गेले तेव्हा काही ट्रकमध्ये ओलं काँक्रीट होतं. ते वाया गेलं. कंपनीने राज्याच्या कोर्टात भरपाई मागितली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८-१ ने म्हटलं: युनियनने वाजवी काळजी घेतली नाही, दावा चालू द्या. न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन एकट्याच विरोधात. आधी मंडळाने ठरवावं, असं त्यांचं मत.

आता भरपाईची टांगती तलवार असेल, तर संप करताना युनियन दहादा विचार करणारच ना?