बांधावरचं लाकूड माशांच्या टाकीत जाण्याआधी

करकंबच्या शिवारात बांधावर, ओढ्याकाठी वाळलेलं वेडंवाकडं लाकूड दिसलं की माशांची टाकी ठेवणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो. भीमेचा पूर ओसरला की काठावरही मुळ्या-ओंडके पडलेले असतात. दुकानातलं लाकूड महाग, हे फुकट. पण उचलणं आणि टाकीत ठेवणं यांच्यात काही आठवड्यांचं काम आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही बोरीची नुकतीच छाटलेली फांदी नुसती धुऊन टाकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं. पहाटे बघतो तर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, काही गेले. विष कुठलंच नव्हतं. ओल्या लाकडातला गोडसर रस पाण्यात उतरला, त्यावर जिवाणू वाढले आणि त्यांनी पाण्यातला प्राणवायू संपवला. म्हणून पहिला नियम: हिरवं लाकूड नको. पुरतं वाळलेलं, कठीण लाकूड घ्या. नख रुतलं तर ते कुजलेलं समजा.

दुसरा प्रश्न झाडाचा. बोर, पेरू, जांभूळ चालतात. बाभूळ चालते, पण साल पूर्ण काढून. तिच्या सालीत टॅनिन इतकं असतं की चामडं कमवायला ती वापरतात. शेर, कण्हेर, रुई, करंज आणि कडुनिंब मात्र टाळा. शेराचा चीक पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत जुनी आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. द्राक्षबाग मोडली की सुंदर पिळाची खोडं बांधावर येऊन पडतात. ती घेऊ नका. त्यांवर वर्षानुवर्षं औषधं फवारलेली असतात. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं मासे, कोळंबी, गोगलगाय यांना घातक. उकळल्यानं जंतू मरतात, तांबं जात नाही. शिवाय द्राक्षाचं लाकूड पाण्यात लवकर कुजतं. रंग, पॉलिश, डिझेल किंवा गटाराचा वास असलेलं लाकूडही नको. राखीव वनातून तर काहीच उचलू नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे तो गुन्हा आहे.

मग तयारी. साल आणि मऊ भाग सुरीनं खरवडा, तारेच्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा. साबण, फिनेल अजिबात नको. लाकूड ते शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडतं. लहान तुकडा पातेल्यात एक-दोन तास उकळा. त्यानं किडे, अंडी, बुरशी मरते आणि टॅनिनही सुटतं. पातेल्यात न मावणाऱ्या तुकड्यावर उकळतं पाणी तीन-चार वेळा ओता.

त्यानंतर बादलीत भिजवा. पहिला आठवडा रोज पाणी बदला, पुढे दोन-तीन दिवसांनी. लाकूड तरंगतं ते आतल्या हवेमुळे; ती जागा पाण्यानं भरली की ते बुडतं. याला कधी दोन आठवडे, कधी दोन महिने लागतात. घाई असेल तर दगडाला बांधा, पण शहाबादी फरशीला नको. ती चुनखडीची असते, पाण्याचा जडपणा वाढवते. आपला काळा बेसॉल्ट उत्तम.

पाण्याला चहासारखा रंग आला तर घाबरू नका. तो टॅनिनचा रंग, माशांना अपायकारक नाही. त्यानं पाणी किंचित आम्लधर्मी होतं. पण बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर फरक फारसा पडत नाही. टाकीत ठेवल्यावर लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो, तोही निरुपद्रवी. ब्रशनं काढा, काही आठवड्यांत थांबतो. पण लाकडाला सडक्या अंड्यासारखा वास आला, तर ते आतून कुजतंय. लगेच बाहेर काढा.

शेवटची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या बादलीत रात्रभर ताजं पाणी आणि लाकूड ठेवा. सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग नाही, वास नाही, दुधटपणा नाही, तर ते टाकीसाठी तयार. यातलं एक जरी दिसलं, तर आणखी आठवडाभर भिजवा. तरी गेलं नाही, तर ते चुलीसाठी ठेवा. मासे सांगू शकत नाहीत, म्हणून हे आपणच तपासायचं.