कायदा आपलं काम करेल… पण शेजारच्या घरी!

तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?

घाबरू नका, मी पोलिसांकडून आलेली नाही. पोलीस भरतीत निवड झाली की एक साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो आणि त्यात या अर्थाचा एक रकाना असतो. माझा मावसभाऊ त्या रकान्यापाशी येऊन अडला. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं, घरात पेढे वाटून झाले. आणि मग हा रकाना.

झालं असं होतं, की काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका नेत्याला तपास यंत्रणेचं समन्स आलं. ‘साहेबांच्या पाठीशी उभं राहायचंय’ असा मेसेज ग्रुपवर पडला. जायला-यायला गाडी होती, वडापाव होता, मित्र होते. भाऊ गेला. तिथे जमावबंदी होती. पोरांनी घोषणा दिल्या, फोटो काढले, स्टेटस ठेवलं. पोलिसांनी गाडीत घातलं, नावं लिहून घेतली आणि संध्याकाळी सोडून दिलं. भावाला वाटलं, विषय संपला. पण गुन्हा नोंदवला गेला होता.

आणि साहेब? साहेबांनी मध्यंतरी पक्ष बदलला. त्यांच्या चौकशीचं पुढे काय झालं, हे आता कुणी विचारत नाही. हल्ली ते भाषणात कायदा आणि सुव्यवस्थेवर फार छान बोलतात.

आता हा प्रकार फक्त आमच्या साहेबांचा असता, तर मी ही जागा अडवली नसती. पण आपल्याकडे राजकारणात दोनच डायलॉग आहेत. समोरच्याच्या दारात तपास यंत्रणा आली, की ‘कायदा आपलं काम करेल’. आपल्या दारात आली, की ‘हे सूडाचं राजकारण आहे’. बोलणारी माणसं बदलतात, स्क्रिप्ट तीच राहते.

पटत नाही? मग दोन तारखा बघा.

जुलै २०१०. केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार, गृहमंत्री पी. चिदंबरम. सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणात सीबीआयने गुजरातचे तेव्हाचे गृहराज्यमंत्री अमित शहा यांना अटक केली. भाजप म्हणाला, सीबीआयचा गैरवापर होतोय. काँग्रेस म्हणाली, तपास यंत्रणा तिचं काम करतेय. शहा जवळपास तीन महिने तुरुंगात होते. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं.

ऑगस्ट २०१९. केंद्रात भाजपचं सरकार, गृहमंत्री अमित शहा. आयएनएक्स मीडिया प्रकरणात सीबीआयने चिदंबरम यांना अटक केली. अधिकारी त्यांच्या दिल्लीतल्या घराच्या भिंतीवरून उडी मारून आत गेले, ते दृश्य आपण टीव्हीवर पाहिलंय. काँग्रेस म्हणाली, हा सूड आहे. भाजप म्हणाला, कायद्यापुढे सगळे समान. रात्री चिदंबरम यांना सीबीआयच्या ज्या मुख्यालयात नेलं, त्याच्या उद्घाटनाला २०११ मध्ये ते स्वतः गृहमंत्री म्हणून हजर होते! सगळे आरोप नाकारत ते १०६ दिवस कोठडीत राहिले आणि मग जामिनावर बाहेर आले.

नऊ वर्षांत खुर्च्यांची अदलाबदल झाली आणि त्याबरोबर डायलॉगचीही.

यातली आणखी एक गंमत बातम्यांत फारशी येत नाही. ज्या कायद्याखाली ईडी नेत्यांना आत टाकते, तो मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, म्हणजे पीएमएलए, वाजपेयी सरकारच्या काळात मंजूर झाला, २००२ चा कायदा. प्रत्यक्षात लागू झाला १ जुलै २००५ पासून, मनमोहन सिंग सरकारच्या काळात. तेव्हा अर्थमंत्री कोण? चिदंबरम. २००९ आणि २०१२ मध्ये त्याच सरकारने त्यात दुरुस्त्या करून त्याची व्याप्ती वाढवली. जामिनाच्या जाचक अटी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या, तर पुढच्याच वर्षी मोदी सरकारने दुरुस्ती करून त्या परत आणल्या. २०२२ मध्ये न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. या कायद्यात जामीन हवा असेल, तर ‘हा माणूस दोषी नसावा’ असं न्यायाधीशाला सकृद्दर्शनी पटावं लागतं. म्हणजे खटला सुरू होण्याआधीच निम्मा खटला. कायदा कडक करताना कुणालाच वाटलं नाही, की आपणही कधी विरोधी पक्षात बसू.

महाराष्ट्र मागे राहील कसा? सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सहकारी बँक प्रकरणात ईडीने शरद पवारांवर गुन्हा नोंदवला. ‘मीच ईडीच्या कार्यालयात येतो’ असं त्यांनी जाहीर केलं. २७ सप्टेंबरला बॅलार्ड इस्टेट परिसरात जमावबंदी लागली. कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. शेवटी पोलीस आयुक्त घरी जाऊन भेटले आणि कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नको म्हणून पवारांनी जाणं रद्द केलं.

ऑक्टोबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने सीबीआयला राज्यात तपासासाठी दिलेली सरसकट संमती काढून घेतली. दोन वर्षांनी, सरकार बदलल्यावर शिंदे-फडणवीस सरकारने ती परत दिली. सीबीआय तीच होती, राज्यही तेच होतं.

आणि २०२३ चा तो आठवडा तर कॉलेजच्या कट्ट्यावर पाठ आहे. २७ जूनला भोपाळमध्ये पंतप्रधान मोदींनी राष्ट्रवादीवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप असल्याचं भाषणात सांगितलं. २ जुलैला त्याच पक्षातल्या नऊ जणांनी मुंबईत राजभवनावर मंत्रिपदाची शपथ घेतली, भाजपच्या साथीने. मधे गेले फक्त पाच दिवस.

आम आदमी पक्षही यातून सुटत नाही. आरोप झालेल्या मंत्र्यांनी आधी राजीनामा द्यावा, असं म्हणत आंदोलनातून पुढे आलेले अरविंद केजरीवाल मार्च २०२४ मध्ये अटक झाल्यावर तुरुंगातूनही मुख्यमंत्रीच राहिले. राजीनामा दिला तो सप्टेंबरमध्ये, जामीन मिळाल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, मग तपास यंत्रणा काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? अजिबात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला ‘पिंजऱ्यातला पोपट’ म्हटलं ते मे २०१३ मध्ये, कोळसा प्रकरणात. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं, की दहा वर्षांत ईडीने राजकारण्यांवर १९३ खटले नोंदवले आणि शिक्षा झाली दोन खटल्यांत. त्यामुळे ‘सूडाचं राजकारण’ ही ओरड दर वेळी खोटी असते, असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय ते इतकंच, की पोपट पिंजऱ्यात आहे याचा त्रास प्रत्येकाला विरोधात असतानाच होतो. पिंजऱ्याची किल्ली हातात आल्यावर दार उघडायची आठवण कुणाला होत नाही.

वेगळं वागता येतं का? येतं. जानेवारी १९९६ मध्ये हवाला प्रकरणात नाव आल्यावर लालकृष्ण अडवाणींनी खासदारकी सोडली आणि निर्दोष ठरेपर्यंत लोकसभेत पाऊल ठेवणार नाही असं सांगितलं. त्या वर्षीची निवडणूक त्यांनी लढवली नाही. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोप रद्द केले आणि १९९८ मध्ये ते निवडून परत आले. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, या एका बाबतीत त्यांनी दुसऱ्याला लावलेली पट्टी स्वतःलाही लावली.

परत त्या रकान्याकडे येते. निवडणूक लढवणाऱ्यालाही शपथपत्रात आपल्यावरचे गुन्हे लिहावे लागतात. पण नुसता खटला चालू असेल, तर त्याला आमदार व्हायला, मंत्री व्हायला, अगदी गृहमंत्री व्हायलाही कायद्याची आडकाठी नाही. पोलीस शिपाई व्हायला निघालेल्या मुलाची मात्र चारित्र्य पडताळणी होते. गुन्हा लिहिला तर नेमणूक लटकू शकते, लपवला तर त्याच कारणावरून जाऊ शकते. पासपोर्ट काढायला गेलात आणि कोर्टात फौजदारी खटला चालू असेल, तर कोर्टाची परवानगी आणा म्हणतात. साहेबांकडे वकिलांची फौज असते. गाडीत बसून आलेल्या पोरांकडे फक्त त्या दिवसाचा फोटो असतो.

म्हणून माझं तुमच्याकडे एक छोटंसं मागणं आहे. पुढच्या वेळी कुठल्याही नेत्याच्या अटकेची बातमी आली, की स्टेटस टाकायच्या आधी त्या बातमीत पक्षाचं नाव बदलून वाचा. आपल्या नेत्याच्या जागी त्यांचा, त्यांच्या जागी आपला. मग तुमचं मत तेच राहिलं, तर बिनधास्त पोस्ट करा. बदललं, तर स्क्रिप्ट आपणही पाठ केलीय असं समजा. आणि गाडी दारात आली, तर चढण्याआधी एवढंच विचारा, की साहेबांचा मुलगा कुठल्या सीटवर बसलाय?

भावाने त्या रकान्यात खरं ते लिहिलं. मावशी रोज विचारते, काही कळलं का? पडताळणी अजून चालू आहे.