केम : दोन विमानतळांच्या मधे

कुंकवासाठी ओळखलं जाणारं केम हे करमाळा तालुक्यातलं गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे आहे. इथून सरळ रेषेत सोलापूर विमानतळ साधारण 90 किलोमीटर, तर पुण्याचं लोहगाव सुमारे 150.

या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर अंदाजे 237 किलोमीटर, म्हणजे 128 सागरी मैल. ताशी 500 किलोमीटरच्या पंखेवाल्या विमानाला हिशेबाने 28 मिनिटं पुरतात. पण चढणं, उतरणं, धावपट्टीवरची रांग धरून पाऊण तास तरी समजा. विमानतळावर आधी जाऊन बसायचा वेळ वेगळाच! पुणे ते सोलापूर लोहमार्ग सुमारे 264 किलोमीटर. म्हणजे रुळांचा वळसा जेमतेम 27 किलोमीटरचा. एवढ्यासाठी विमानाचं कौतुक किती करायचं?

सोलापूर विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झालं, तिथून गोव्याची विमानसेवा जून 2025 मध्ये सुरू झाली. केमकरांनी विमानाची वेळ ठरवण्याआधी कुर्डुवाडीमार्गे सोलापूरला जाणारी गाडी पाहावी. शिवाय तिथला विमानतळ स्टेशनला लागून नाही, होटगी रस्त्यावर आहे.