पोरीचा फ्रेंच परीक्षेचा फॉर्म आणि आपल्या गावचे दप्तर

तुरीवरच्या अळीचे विचारायला आले असतील म्हणून मी खुर्ची पुढे केली, तर त्या शेतकरी भाऊंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आपल्या सेलू तालुक्यातलेच गृहस्थ, पाच एकर कोरडवाहू, मुलगी नर्सिंग करून नागपूरच्या दवाखान्यात नोकरीला. म्हणाले, "सायेब, हे टेफ का काय म्हणते, त्याचा फारम कुठी भेटते? पोरीले कॅनडाले जाचं आहे. एक जण म्हणते सारं करून देतो, पण दीड एकर काढा लागन."

शेतकरी बंधूंनो, दीड एकराची गोष्ट निघाली म्हणून हा लेख. माझी पदविका कृषीची. फ्रेंचशी माझा संबंध बोर्डो मिश्रणापुरता, तेही नाव फ्रान्समधल्या गावाचे हे पदविकेला असताना कळले. पण चार ठिकाणी विचारपूस केली, मुलीला सोबत घेऊन कागद वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी फ्रेंच कशाला? कॅनडाच्या केंद्र सरकारच्या दोन राजभाषा आहेत, इंग्रजी आणि फ्रेंच. क्वेबेक हा त्यांचा फ्रेंच बोलणारा प्रांत, त्याचा प्रवेशाचा कारभार वेगळा. पण क्वेबेकच्या बाहेरही फ्रेंच जाणणारी माणसे वाढावीत असे त्या सरकारचे धोरण आहे, आणि 2023 पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ योजनेत अशा उमेदवारांची वेगळी निवड निघू लागली. त्यासाठी ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही अंगांत सातवी पातळी लागते. तेवढी फ्रेंच असली आणि इंग्रजी चारही अंगांत पाचव्या पातळीला वा त्याच्या वर असली, तर 50 गुण जादा मिळतात. म्हणून आपल्याकडच्या नर्स, इंजिनिअर मुलामुलींत ही हवा आहे.

परीक्षा दोन चालतात. एक टेफ कॅनडा, ती पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची. दुसरी टीसीएफ कॅनडा, ती फ्रान्सच्या शिक्षण खात्याकडच्या संस्थेची. दोन्हींपैकी कोणतीही एक चालते आणि निकाल दोन वर्षेच धरला जातो. इथे एक फसगत होते ती सांगतो. शिकवण्या घेणारे पुष्कळदा ‘डेल्फ’ नावाच्या परीक्षेला बसवतात. परीक्षा चांगली, तिचे प्रमाणपत्र जन्मभर चालते, पण कॅनडाच्या या कामाला ते धरत नाहीत. फॉर्मवर ‘टेफ’ किंवा ‘टीसीएफ’ आणि त्यापुढे ‘कॅनडा’ हा शब्द आहे की नाही, एवढे वाचूनच पैसे भरा.

नोंदणी आपल्या राज्यात अलियाँस फ्रान्सेजच्या केंद्रांतून होते. मुंबईला न्यू मरीन लाइन्सला आहे, पुण्याला आहे. केंद्राच्या संकेतस्थळावर तारखा लागतात, जागा मोजक्या असतात. कापूस खरेदीच्या नोंदणीसारखेच, उद्या पाहू म्हणणारा मागे राहतो. फी पाच आकडी आहे आणि भरली की सहसा परत मिळत नाही. फॉर्म मात्र साधा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मातृभाषा, फोटो. बारावी झालेली कोणतीही पोरगी अर्ध्या तासात भरू शकते. यासाठी कोणाला हजारो रुपये द्यायचे कारण मला तरी दिसले नाही.

खरी अडचण नावाच्या रकान्यात आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलाने शाळेच्या दाखल्याप्रमाणे नाव भरले. पासपोर्टवर आडनाव एका स्पेलिंगने, फॉर्मवर दुसऱ्या, आणि वडिलांचे नाव एकीकडे आहे, एकीकडे नाही. रात्रभर रेल्वेने जाऊन तो केंद्रावर पोचला आणि त्याला दारातून परत यावे लागले. फी गेली, सुटी गेली. कोणाला दोष देत नाही, चूक आमचीच. पासपोर्टवर जे अक्षर जिथे आहे ते तिथेच फॉर्मवर लिहायचे, आणि परीक्षेच्या दिवशी मूळ पासपोर्ट न्यायचा, झेरॉक्स नव्हे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपले जुने ग्रामसेवक), आता थोडे तुमच्याकडे वळतो. पासपोर्टवरची चूक बहुधा गावच्या दप्तरातून निघते. जन्माच्या जुन्या नोंदी उघडून पाहा. कित्येक ठिकाणी बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे, नुसते ‘मुलगी’ लिहिले आहे. कुठे आईचे माहेरचे नाव, कुठे सासरचे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात, कलम 15 प्रमाणे, निबंधकाला पुरावा पाहून समासात दुरुस्ती करता येते; मूळ नोंद खोडायची नाही. हे काम कोणी मागायला आले तर ‘उद्या या’ म्हणू नका. त्या उद्यापायी मुलीची तारीख हुकते. सातबाऱ्यावरच्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला की शेतकऱ्याला किती खेटे घालावे लागतात हे आपण सगळे पाहतोच.

राहिला दीड एकराचा हिशेब. कॅनडाच्या प्रवेशासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तो माणूस तिथला वकील तरी असावा लागतो किंवा तिथल्या सल्लागारांच्या अधिकृत मंडळाचा सदस्य तरी. मंडळाची यादी इंटरनेटवर खुली आहे, नाव टाकले की कळते. परदेशात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे आपल्या सरकारचा परवाना हवा, तोही ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतो. आमच्या भाऊंना भेटलेल्या गृहस्थाचे नाव दोन्हीकडे नव्हते. शिवाय फ्रेंच पास झाली म्हणजे नर्सची नोकरी लागली असे नाही. तिथे प्रत्येक प्रांतात नर्सची नोंदणी वेगळी करावी लागते. हे त्याने सांगितलेच नव्हते.

वेळही धरा. कोऱ्या पाटीपासून या पातळीला यायला ढोबळ पाच-सहाशे तास लागतात. ड्युटी करून रोज दोन तास म्हटले तरी आठ-दहा महिने. ‘तीन महिन्यांत गॅरंटी’ हे बोगस बियाण्याच्या पाकिटावरच्या छापासारखे समजा.

मुलीशी बोललो. वय सव्वीस. तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी घटतात, तेव्हा घाई नाही पण सुस्तीही परवडणारी नाही. तिने संध्याकाळची ऑनलाइन शिकवणी धरली आहे, फी स्वतःच्या पगारातून. मागच्या आठवड्यात भाऊ ग्रामपंचायतीत जाऊन जन्माचा दाखला घेऊन आले. नाव आहे, पण तिच्या आईच्या नावातला एक काना गायब आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. दीड एकरात हरभरा पेरला, रोपे वर आली आहेत, आणि त्यांना आता मर रोगाची काळजी लागली आहे.