माझी बहीण ऑडिटला जाते!

मैत्रिणींनो, ‘तुमची धाकटी बहीण काय करते हो?’ असं कुणी विचारलं, की मी इतके दिवस मोठ्या तोऱ्यात सांगत असे, ‘मुंबईला मोठ्या फर्ममध्ये सी.ए. आहे.’ पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मग पगार भरपूर असेल, नाही?’ त्याचं उत्तरही मला पाठ होतं. पण ती तिथे दिवसभर करते तरी काय, असं कुणी विचारलं असतं, तर माझी पंचाईत झाली असती. बी.ए.ला माझा विषय मराठी. आकड्यांशी संबंध आला तो वाण्याच्या बिलापुरता आणि शाळेतल्या गुणपत्रकांपुरता.

२०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि आईने फर्मान काढलं, “चिऊचं काही खरं दिसत नाही. फोनवर नुसती हं हं करते. तू जाऊन ये बघू.” ह्यांचं आणि मुलांचं जेवणखाण सासूबाईंनी आनंदाने पत्करलं. कंदी पेढे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन मी साताऱ्याहून मुंबई गाठली आणि पंधरा दिवस चिऊच्या अंधेरीच्या खोलीवर राहिले. तिथे जे पाहिलं, ते सांगते. तुमच्याही घरात एखादी लेक, भाची, पुतणी कॉमर्सला असेलच.

मोठी फर्म म्हणजे काय?

जगभर पसरलेल्या, कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या चार संस्था सर्वांत मोठ्या मानल्या जातात : डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. पूर्वी पाच होत्या. दाभोळमुळे आपल्याला ठाऊक झालेली ती एन्रॉन कंपनी २००१ साली अमेरिकेत बुडाली, आणि तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही पाचवी फर्म २००२ मध्ये तिच्यापाठोपाठ कोसळली. चिऊची फर्मही मोठीच. नाव मात्र मी मुद्दाम लिहीत नाही.

फर्ममध्ये अगदी उतरंड असते. तळाला आर्टिकल, म्हणजे सी.ए. होण्याआधी उमेदवारी करणारी मुलं. ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत ती दोन वर्षांची झाली. त्यांच्या वर असोसिएट, मग सीनिअर, मग मॅनेजर, आणि सर्वांत वर पार्टनर. अहवालावर सही पार्टनरची, पण एकेक कागद डोळ्यांखालून घालतात ती ही खालची पोरं.

शितावरून भाताची परीक्षा

“सगळी बिलं तपासता?” मी विचारलं.

“छे गं ताई! लाखांनी असतात. नमुन्याला काही काढायची.”

म्हणजे आपली शितावरून भाताची परीक्षाच की! मात्र शीत कुठलं उचलायचं हे कंपनीने सांगायचं नाही, तपासणाऱ्याने ठरवायचं. मग त्या एका खरेदीचा पाठलाग सुरू होतो. मागणी केल्याचा कागद आहे का, माल आल्याची फाटकावरची नोंद आहे का, बिल त्याच रकमेचं आहे का, बँकेतून तेवढेच पैसे गेले का? हे सगळं जुळलं तर बरोबरची खूण. नाही जुळलं तर ‘हे असं का?’ आणि समोरच्याने तोंडी कितीही छान सांगितलं तरी पुरत नाही, पुरावा हवा.

३१ मार्चला तर ही मुलं कारखान्यात जातात. डोक्याला हेल्मेट, पायात जड बूट, आणि गोदामातली पिंपं नि खोकी मोजून होताना समोर उभं राहायचं. अधूनमधून एखादं पिंप उघडायला सांगायचं, कारण भरलेलं आहे असं लिहिलेलं पिंप रिकामंही निघू शकतं. शेवटचा ट्रक त्या दिवशी किती वाजता बाहेर पडला तेही टिपायचं, नाहीतर या वर्षाची विक्री त्या वर्षात जाते.

तुम्ही म्हणाल, एवढा संशय कशाला? सत्यमचं प्रकरण आठवतं का? ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं, की पुस्तकात दाखवलेले रोख आणि बँकेतले ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच! म्हणून शिल्लक किती हे कंपनीच्या कागदावर न ठेवता थेट बँकेकडून मागवायचं असतं. आपल्यापैकी कितीजणींच्या घरच्यांची पुंजी अशा शेअरांत आणि फंडांत असते. चिऊच्या कंटाळवाण्या खुणांवर आपली ती पुंजी उभी आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं.

घरातही बोलायचं नाही

“सध्या कुठल्या कंपनीचं काम चाललंय?” असं विचारलं, की चिऊ हसते आणि चटणी वाढून घेते. निकाल जाहीर होण्याआधी आतली बातमी बाहेर गेली तर कुणी शेअर घेऊन नफा कमावेल, म्हणून तोंडाला कुलूप. ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे तिचे शेअर स्वतःकडे ठेवायचे नाहीत, आणि घरच्या माणसांचेही विचारले जातात. उद्या हिचं लग्न ठरलं, की पत्रिकेबरोबर मुलाचे शेअरही पाहावे लागणार म्हणून आम्ही खूप हसलो!

साडेबाराला जेवण

पण हसणं तेवढंच. माझ्या तिथल्या पहिल्या रात्री चिऊ घरी आली तेव्हा साडेबारा वाजले होते. आमटी मी तीनदा गरम केली होती. दुसऱ्या रात्री एक. रविवारीही मांडीवर लॅपटॉप.

याचं कारण तारखांत आहे. वर्ष संपतं ३१ मार्चला, आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांना तपासलेले वार्षिक निकाल साठ दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत द्यावे लागतात. तारीख सरकत नाही, मग माणसं रात्रीत सरकतात. काम झालं म्हणावं, तर मॅनेजरचे शेरे येतात. पंचवीस शेरे निस्तरले की नवे दहा.

रात्री घरी सोडायला ऑफिसची गाडी येत होती, तेवढं बरं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी आणि दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी, असं आहे. हे आपल्या मुलींना सांगून ठेवा बरं का!

२०२४ साली पुण्यात अशाच एका मोठ्या फर्ममधली तरुण सी.ए. मुलगी गेली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. मृत्यू ताणामुळे झाला हे फर्मने मानलं नाही. ते पत्र वाचून आमच्या आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. आणि मी? मी चिऊला फोनवर म्हटलं होतं, “सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास होतो. थोडी कळ काढ.” मोठी बहीण म्हणून शहाणपणाचं बोलले असं मला वाटलं होतं. मेच्या त्या रात्री तिचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि माझंच वाक्य मला टोचलं.

खोटी नोंद

एका शुक्रवारी ती टाइमशीट भरत बसली होती. कुठल्या कंपनीच्या कामाला किती तास लागले, त्याचा हा तक्ता. मी डोकावले. गुरुवारच्या रकान्यात तिने नऊ लिहिले.

“अगं, काल तर चौदा झाले!”

“सगळे असंच लिहितात, ताई. फी आधीच ठरलेली असते, त्या मापाने तास वाटून दिलेले असतात. जास्त लिहिले तर म्हणतील, हिला काम जमत नाही.”

मी म्हटलं, “चिऊ, पुरावा जुळल्याशिवाय तू दुसऱ्याच्या बिलावर खूण करत नाहीस. मग हे बिल कसं पास केलंस?”

ती गप्प झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू किती तास काम करतेस गं?”

“शाळेचे तीन.”

“बस्स? पहाटे पाचला उठतेस ती काय आरामाला?”

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला उत्तर सुचेना. ‘मी काय, घरीच असते’ असं म्हणत आमच्या आईने जन्म काढला. मीही तेच म्हणते. आपले तास कमी सांगायला ही पोर फर्ममध्ये शिकली नाही, ते आमच्याच स्वयंपाकघरात शिकून ती तिथे गेली.

कमी लिहिण्याचा परिणाम बघा. कागदावर काम नऊ तासांत होतं, म्हणून पुढच्या वर्षीही तितकीच माणसं देतात. मग पुढच्या वर्षीची चिऊही साडेबारालाच जेवते.

त्या आठवड्यात तिने खरे तास लिहिले. हात कापत होता. मॅनेजरने बोलावून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, ‘बघू’ म्हणाले. जादू काही झाली नाही. पण सप्टेंबरच्या कामाला तिच्या हाताखाली एक आर्टिकल जास्त मिळाला. दिवाळीला घरी आली तेव्हा निदान दोन वेळा पोटभर जेवली, आणि लक्ष्मीपूजनाला लॅपटॉप बंद होता.

चिऊ अजून तिथेच आहे. तिला काम आवडतं. दोन वर्षं पुरी करून मग ठरवीन म्हणते. १९३३ साली मद्रासच्या आर. शिवभोगम भारतातल्या पहिल्या महिला हिशेब-तपासनीस झाल्या. त्यांनी उघडलेल्या दारातून आपल्या मुलींनी खुशाल जावं, पण दुखलंखुपलं तर माघारी यायचं दारही आपण घरी उघडं ठेवावं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून कुणी तिथे झिजत राहू नये.

तेव्हा आता फोन कराल तेव्हा पगाराचं विचारू नका. ‘किती वाजता जेवलीस? किती झोपलीस?’ हे विचारा, आणि ‘बरी आहे’ एवढ्यावर खूण करू नका. दुसरा पुरावा मागा!

आणि हो, आता माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर मीही माझे तास लिहिते. पहिल्या दिवशी चौदा भरले. ह्यांनी ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. तुम्हीही एक आठवडा लिहून बघा ना!