दोरा नदीकाठचा अन्नमेळा

उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांताची राजधानी असलेल्या तोरिनो (ट्युरिन) शहरात, दोरा नदीच्या ज्या काठावर विसाव्या शतकाचा बहुतेक काळ पोलाद वितळत होते आणि मोटारींचे टायर घडत होते, त्याच काठावर २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी सप्टेंबर महिन्यात ‘तेर्रा माद्रे – सालोने देल गुस्तो’ हा पाच दिवसांचा अन्नमेळा भरला. ओस पडलेल्या औद्योगिक वस्तीत जाग आणण्यासाठी खाद्यमहोत्सव भरवण्याची पद्धत आता अनेक देशांत रूढ झाली आहे. परंतु महोत्सवामुळे वस्ती सावरते, की वस्ती आधी सावरलेली असते म्हणून महोत्सवाला अर्थ येतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तोरिनोचे उदाहरण या प्रश्नाचे बरेच स्पष्ट उत्तर देते, आणि ते उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे.

तोरिनो हे कारखान्यांवर वाढलेले शहर आहे. १८९९ मध्ये येथे फियाट कंपनी स्थापन झाली, १९०६ मध्ये मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीने फ्रान्सबाहेरचा आपला पहिला कारखाना येथे काढला, आणि त्याच्या शेजारी दोरा नदीच्या दोन्ही अंगांना फियाटचा पोलाद कारखाना पसरत गेला. जागा अपुरी पडू लागली तेव्हा नदीच्या पात्रावरच काँक्रीटचे छत घालण्यात आले आणि शहराच्या मधोमध वाहणारी ती नदी त्या टप्प्यात दिसेनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतील गरीब खेड्यांतून माणसांचे लोंढे या वस्तीत आले, जसे ते त्याआधी कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आले होते. १९९० च्या दशकात येथील पोलाद आणि टायर हे दोन्ही कारखाने बंद पडले, आणि रेल्वेमार्ग व भिंती यांनी शहरापासून तोडलेली, विषारी द्रव्ये मुरलेली विस्तीर्ण जमीन मागे उरली.

१९९५ मध्ये तोरिनोने जी नवी विकास योजना मंजूर केली, तिचा गाभा असा होता की शहराला दुभंगणारा रेल्वेमार्ग जमिनीखाली न्यावा आणि त्याच्या कडेच्या बंद कारखान्यांच्या जागा पुन्हा शहरात सामावून घ्याव्यात. या जागांपैकी दोराकाठच्या जमिनीवर निवासी इमारती आणि व्यापारी संकुल उभे राहिले खरे, परंतु सुमारे ४५ हेक्टर क्षेत्र सार्वजनिक उद्यानासाठी राखले गेले. ‘पार्को दोरा’ या नावाच्या त्या उद्यानाचा आराखडा जर्मन भूदृश्यरचनाकार पेटर लाट्स यांच्या कार्यालयाने केला. भूदृश्यरचना म्हणजे झाडे, पाणी, वाटा आणि चढउतार यांची योजना करून मोकळ्या जागेला रूप देण्याची विद्या. लाट्स यांनी त्याआधी जर्मनीतील ड्यूसबुर्ग येथे बंद पडलेल्या लोहभट्ट्या न पाडता त्यांच्याभोवती उद्यान रचले होते. दोराकाठीही त्यांनी तेच धोरण ठेवले. पोलाद कारखान्याच्या एका अवाढव्य शेडच्या भिंती काढून टाकल्या, पण तिचे उंच लोखंडी खांब तांबूस रंग देऊन उभेच ठेवले आणि छताचा एक भाग राखला. पाणी निवळवण्याचे जुने हौद बागेचे भाग झाले, मिशलँच्या कारखान्यातील पाणी थंड करण्याचा मनोरा तसाच राहिला. उद्यानाला लागून वास्तुविशारद मारिओ बोत्ता यांनी रचलेले आणि २००६ मध्ये खुले झालेले चर्च आहे, आणि तेथे कारखान्याच्या जुन्या धुराड्याचाच घंटामनोरा केला आहे. नदीवरील काँक्रीटही पुढे काढले गेले. जुन्या शेडच्या छताखालच्या मोकळ्या जागेत आज मुले खेळतात, संगीताचे कार्यक्रम होतात, शहरातील मुस्लिम रहिवासी ईदची नमाज पढतात. अन्नमेळा येथे आला तो या सगळ्यानंतर, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे.

या मेळ्याचा उगम ‘स्लो फूड’ नावाच्या चळवळीत आहे. १९८६ च्या वसंतात इटलीत मिथेनॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या स्वस्त वाइनमुळे वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी रोममधील प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह उघडण्याविरुद्ध निदर्शने झाली. पिएमोंतेतील ब्रा या छोट्या गावचे पत्रकार आणि कार्यकर्ते कार्लो पेत्रीनी यांनी या काळात जी संघटना बांधली, तिला १९८९ मध्ये पॅरिस येथील जाहीरनाम्याने आंतरराष्ट्रीय रूप आले. गोगलगाय हे तिचे बोधचिन्ह आहे, आणि अन्न चवीला चांगले, निसर्गाला न दुखावणारे आणि पिकवणाऱ्याला न्याय्य मोबदला देणारे असावे, ही तिची त्रिसूत्री आहे. १९९६ मध्ये संघटनेने ‘सालोने देल गुस्तो’ म्हणजे चवींचे प्रदर्शन तोरिनोच्या लिंगोत्तो संकुलात सुरू केले. लिंगोत्तो हाही मुळात फियाटचा पाच मजली कारखाना. खालून कच्चा माल आत जाई आणि तयार मोटार गच्चीवरील धावपट्टीवर चाचणीसाठी निघे. तो १९८२ मध्ये बंद झाला आणि वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी त्याचे प्रदर्शनगृहात रूपांतर केले. २००४ मध्ये या प्रदर्शनाच्या जोडीला ‘तेर्रा माद्रे’ (भूमाता) हे अन्न पिकवणाऱ्यांचे संमेलन सुरू झाले आणि पहिल्याच संमेलनाला १३० देशांतून सुमारे ५००० प्रतिनिधी आले. भारताचाही या वर्तुळाशी जिवंत संबंध आहे: २०१५ मध्ये मूलनिवासी समाजांचे ‘तेर्रा माद्रे’ मेघालयातील शिलाँग येथे भरले होते.

लिंगोत्तोतील प्रदर्शनाला प्रवेशमूल्य असे. २०१६ मध्ये मेळा शहराच्या रस्त्यांवर आणि उद्यानांत आणला गेला, महासाथीमुळे २०२० चा मेळा बराचसा दूरस्थ पद्धतीने झाला, आणि २०२२ मध्ये तो दोराकाठी विनामूल्य प्रवेशाने भरला. पूर्वी मुद्दाम जाणाराच जाई. आता शेजारच्या इमारतीतून सहज उतरलेले कुटुंबही आत शिरू शकते. मेळ्याच्या हेतूच्या दृष्टीने यापेक्षा मोठा बदल त्याच्या इतिहासात झालेला नाही.

पाहुण्याला प्रथम जाणवते ती मांडणी. गाळे प्रांतवार आणि देशवार असतात, आणि त्यांतील सर्वांत मोलाचे गाळे ‘प्रेसिदियो’ या योजनेतील उत्पादकांचे असतात. लोप पावू लागलेली एखादी जात, वाण किंवा प्रक्रिया टिकवण्यासाठी तिच्या उत्पादकांनी एकत्र येऊन कडक नियम स्वतःवर घालून घ्यायचे आणि संघटनेने त्यांना बाजार मिळवून द्यायचा, अशी ही योजना आहे. तिच्या आधी १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘चवींचे तारू’ या यादीत अशा धोक्यातल्या पदार्थांची केवळ नोंद होत असे. पिएमोंतेतील निज्झा मोन्फेर्रातो परिसरातील ‘कार्दो गोब्बो’ ही भाजी प्रेसिदियो योजनेचे उत्तम उदाहरण आहे. आर्टिचोकच्या कुळातील या रोपांची पेरणी मे महिन्यात नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत होते, सप्टेंबरात उंच वाढलेली रोपे वाकवून मातीने झाकली जातात, आणि अंधारात प्रकाशाकडे वळण्याच्या धडपडीत देठ कुबडे, पांढरे आणि कोवळे होतात. ती कापायची ती हातानेच, कुदळ चालवून. मेळा ऐन भरात असतो तेव्हा ही रोपे मोन्फेर्रातोच्या मातीखाली असतात. अशी भाजी यंत्राने काढता येत नाही, म्हणून ती स्वस्त होऊ शकत नाही, आणि तिची किंमत ग्राहकाला पटवून देण्यासाठी ही सगळी हकीकत सांगणारा माणूस समोर उभा असणे आवश्यक ठरते.

ही भाजी कच्चीच ‘बान्या काउदा’त बुडवून खाल्ली जाते. लसूण, ऑलिव्हचे तेल आणि खारवलेल्या अँचोव्ही मंद आचेवर एकजीव करून केलेला हा गरम रस्सा पिएमोंतेचा मानबिंदू आहे. अँचोव्ही हा आपल्या मांदेलीच्या कुळातलाच मासा. पिएमोंतेला समुद्रकिनारा नाही. तरीही हा मासा येथील घरगुती अन्नात मुरला, कारण लिगुरियाच्या किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून येणाऱ्या मिठाच्या व्यापारवाटांनी तोही येत असे, आणि माइरा खोऱ्यातील डोंगरी माणसे हिवाळ्यात गावोगाव फिरून तो विकत. प्रांताचे चॉकलेटही असेच व्यापाराच्या इतिहासातून घडले: कोको महाग होता आणि लांघे टेकड्यांत हेझलनट मुबलक, म्हणून दोहोंचे मिश्रण करण्याची रीत रुळली आणि १८६५ पासून ‘जांदुयोत्तो’ ही कागदात गुंडाळलेली वडी शहराची ओळख झाली. कोणता पदार्थ कोठून आणि का आला हे असे उलगडत जाते, तेव्हा स्थानिक अन्नाच्या अभिमानातील संकुचितपणा आपोआप गळून पडतो.

मेळ्याला मर्यादा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. प्रवेश विनामूल्य असला तरी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली चव पाहण्याच्या कार्यशाळांना शुल्क असते, आणि डोंगरावरच्या चीजचा तुकडा दोराकाठच्या प्रत्येक घराला परवडतोच असे नाही. पाच दिवसांच्या मेळ्याने वस्तीतील बेरोजगारी हटत नाही. परंतु मेळा उठल्यावर येथील रहिवाशांकडे ४५ हेक्टरांचे उद्यान उरते, आणि ते मेळ्याच्या आधीही त्यांचेच होते.

मराठी वाचकाला येथे गिरणगाव आठवणे अटळ आहे. लिंगोत्तो ज्या वर्षी बंद झाला त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवण्याची तरतूद होती; २००१ मध्ये ती बदलून हा हिशेब केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. आज लोअर परळमध्ये उत्तम उपाहारगृहे आहेत, खाद्यमहोत्सवही होतात; नाही ती सर्वांना मोकळेपणी शिरता येईल अशी दोराकाठासारखी जागा. ज्या खानावळवाल्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातले आणि ज्यांना कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले, त्यांच्या अन्नाचा उत्सव त्यांच्याच वस्तीत व्हायला हवा होता. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराची विस्तीर्ण जमीन अजून हातची गेलेली नाही. तेथे काय भरवायचे हे नंतर ठरवता येईल. किती जमीन कायमची खुली राहणार हे मात्र नागरिकांनी आताच विचारले पाहिजे आणि लेखी मिळवले पाहिजे.