हॉल मोठा करायचाय? भिंत फोडण्याआधी हे तपासा

इन्स्टाग्रामवर एखादी रील दिसते. किचन आणि हॉलमधली भिंत गायब, घर एकदम मोकळं. आपल्यालाही वाटतं, असंच करूया. मिस्त्री म्हणतो, "दोन दिवसांचं काम आहे." पण सोलापूरच्या पेठांमधल्या जुन्या घरात हीच भिंत वरचा मजला धरून उभी असू शकते.

रीलमध्ये चालतं, मग इथे का नाही?

अशा बऱ्याच रील अमेरिकेतल्या असतात. तिथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची आणि वजनाला हलकी असतात. आपल्याकडे वर काँक्रीट असतं. दहा बाय दहाच्या खोलीवरच्या पाच इंची स्लॅबचं वजनच जवळपास ३ टन भरतं. फरशी, सामान आणि माणसं वेगळीच.

हे वजन कोण उचलतं?

आरसीसी इमारतीत स्लॅबचा भार बीमवर, बीमचा पिलरवर आणि पिलरचा पायावर जातो. मधली विटांची भिंत बहुतेक वेळा फक्त आडोसा असते. जुन्या घरांत मात्र पिलर नसतातच. माळवदाच्या तुळया, लोखंडी गर्डर किंवा स्लॅब थेट भिंतीवर टेकलेले असतात. अशा भिंतीला भारवाहक भिंत म्हणतात.

ओळखायची कशी?

• भिंत ९ इंच किंवा त्याहून जाड आहे का?
• तुळई किंवा गर्डरचं टोक तिच्यात शिरलंय का?
• वरच्या मजल्यावर बरोबर तिच्याच रेषेत भिंत आहे का?

एकाचं जरी उत्तर 'हो' असेल तर हातोडा खाली ठेवा. तिन्ही उत्तरं 'नाही' असली तरी निश्चिंत होऊ नका. साडेचार इंची भिंतही कधीकधी भार घेते. शिवाय अनेक घरांत खालचा मजला जुना आणि वरचा नंतर चढवलेला असतो. खात्रीचं उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच देऊ शकतो.

चूक झाली तर?

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली निवासी इमारत कोसळली. १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि तिथे केलेले बदलच चौकशीत कारण म्हणून पुढे आले. बदल एका मजल्यावर झाला, पण जीव गेले ते वरच्या घरांतल्या माणसांचेही. भिंत तुमच्या घरात असली तरी तिच्यावर शेजाऱ्यांचंही घर उभं असतं.

मग हॉल मोठा होणारच नाही का?

होऊ शकतो. इंजिनिअर आधी वरचा भार मोजतो आणि त्यानुसार लोखंडी किंवा आरसीसी बीम ठरवतो. मग वरच्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू दिले जातात. त्यानंतरच भिंत थोडी थोडी काढून बीम बसवतात. बीमच्या दोन्ही टोकांखाली पक्का आधार लागतो, कारण पूर्ण भिंतीवर पसरलेला भार आता त्या दोन जागांवर येतो. बीम आणि वरच्या बांधकामातली फट नीट भरून ती घट्ट झाल्यावरच टेकू काढायचे. खर्च कमी ठेवायचा असेल तर अख्खी भिंत न काढता मध्ये रुंद कमान किंवा उघडी जागा करता येते. पण तिलाही डिझाइन लागतंच.

घराच्या रचनेत असा बदल करायला महापालिकेची परवानगी लागते. फ्लॅट असेल तर सोसायटीचीही घ्या.

आधीच भिंत काढली असेल तर?

कोपऱ्यातून तिरक्या भेगा जाताहेत, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्यात किंवा स्लॅब मध्ये झुकल्यासारखा दिसतोय? प्लास्टर करून भेगा झाकू नका. काम थांबवा, खालच्या-वरच्या सगळ्यांना बाहेर काढा आणि इंजिनिअरला बोलवा. त्याने पाहून सांगेपर्यंत कुणीही आत जाऊ नका.

घरात कुणी भिंत पाडायचं ठरवत असेल, तर हे आजच फॅमिली ग्रुपवर पाठवा.